हिवाळी अधिवेशन, उन्हाळी दुखणी

डिसेंबर आला की बेळगावला पाहुणे येतात. हलगा-बस्तवाडच्या माळावर सुवर्ण विधानसौध उभे आहे. ११ ऑक्टोबर २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. एरवी शांत असणारी ही वास्तू हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत गजबजून जाते. लॉजमध्ये खोली मिळत नाही, रस्त्याकडेची झुडपे छाटली जातात, बरेच दिवस रेंगाळलेले खड्डे रातोरात बुजतात, आणि पहाटे फिरायला निघालेले आमदारसाहेब कानटोपी घालून दिसतात. तिकडे महाराष्ट्राचे विधिमंडळही त्याच सुमारास नागपूरला बसते. गंमत बघा, ज्या नागपूरच्या मे महिन्याचा धसका उभ्या महाराष्ट्राने घेतलेला, तिथे राज्यकर्ते जातात ते संत्र्यांच्या दिवसांत. आणि आपल्याकडे येतात ते ऊन कोवळे असते तेव्हा.

यात कुणाचा दोष काढायचा नाही. पण माणसाच्या अंगाला जे लागते तेच त्याला आधी सुचते, हा जगाचा नियम आहे. म्हणून थंडीतल्या या अधिवेशनासमोर उन्हाळ्याची दुखणी कुणीतरी मांडायला हवीत. ती मांडण्याचा हा प्रयत्न.

‘हवामान बदल’ हा शब्द कानावर पडला की आपल्याला वितळणारे हिमनग आणि पांढरी अस्वले आठवतात. बेळगाव म्हणजे गरिबांचे महाबळेश्वर, इथे कसला आलाय हवामान बदल, असे म्हणणारी मंडळी अजून भेटतात. पण गेल्या काही वर्षांचा हिशेब मांडून पाहा. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा साऱ्या एकदम उठल्या आणि चिकोडी, निपाणी, अथणी, गोकाक भागातली गावेच्या गावे छावण्यांत गेली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आले. पाठोपाठ २०२३ साली असा दुष्काळ पडला, की कर्नाटकातल्या २३६ पैकी २२३ तालुके सरकारला दुष्काळग्रस्त जाहीर करावे लागले. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार २०२४ हे तोवरचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. पूर काय, दुष्काळ काय, ऊन काय, हे सगळे आधी शेतात दिसते आणि मग दवाखान्यात दिसते. शेतातल्या नुकसानीचा पंचनामा होतो. दवाखान्यातल्याचा होत नाही. माझे सारे म्हणणे या एका वाक्यात आहे.

आधी ऊन माणसाचे काय करते ते समजून घेऊ. आपले शरीर आतून ३७ अंशांच्या आसपास राहायला पाहते. बाहेर तापले की घाम येतो, तो वाळतो आणि अंग गार होते. पण हवा दमट असेल किंवा कोंडलेली असेल, तर घाम येतो पण वाळत नाही. मग हृदयाला रक्त कातडीकडे ढकलण्यासाठी दुप्पट राबावे लागते. पाणी कमी पडले की मूत्रपिंडावर ताण येतो. आपल्या आया-आज्या ‘उन्हाळी लागली’ म्हणतात, ती याची पहिली सूचना. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला की तो उष्माघात, मग मिनिटामिनिटाला किंमत. मधुमेहाचा रोगी, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा म्हातारा, पोटुशी बाई, तान्हे मूल यांना हे सगळे लवकर बाधते. आणि सर्वांत आधी बाधते ते ज्याला सावलीत बसायची मुभा नाही त्याला.

निपाणी हे तंबाखूचे गाव. पूर्वीइतक्या वखारी आता राहिल्या नाहीत, पुष्कळ रान उसाखाली गेले. तरी तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या आणि घरी सूप मांडीवर घेऊन बिडी वळणाऱ्या बायका आजही आहेत. वखारीवर पत्रा, आणि तंबाखूची भुकटी उडू नये म्हणून खिडक्या बंद. बाहेर ३८ अंश असतील तर आत किती, हे मोजायला तिथे तापमापक कुठला? या बायकांनी १९८० च्या सुमारास संघटना बांधून मजुरीसाठी आणि मानासाठी झगडा दिला. ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने १९८२ साली त्यांच्यावर मराठीत माहितीपटही काढला. मजुरी थोडी वाढली. उकाडा मात्र कुणाच्याच मागणीपत्रात आला नाही, कारण उकाडा हा देवाचा, आणि देवापुढे कसले मागणीपत्र?

मागे एका एप्रिलमध्ये आमच्या वर्गातली एक मुलगी चार दिवस आली नाही. आल्यावर विचारले तेव्हा म्हणाली, “मॅडम, आई कामावर चक्कर येऊन पडली ओ. सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी परत गेली, खाडा पडतोय म्हणून. मग घरचं मलाच बघायला लागलं.” दवाखान्याच्या कागदावर काय लिहिले, तर ‘अशक्तपणा’. हा शब्द चुकीचा नाही, पण त्या शब्दाने सगळे झाकून टाकले. बाई अशक्त ठरली. पत्रा, बंद खिडकी, दुपारचे दोन आणि माठात नसलेले पाणी कुठेच आले नाहीत. अशा किती ‘अशक्त’ बायका एका उन्हाळ्यात आपल्या तालुक्यात होतात? सरकारदरबारी त्याचे उत्तर शून्य येईल, आणि शून्यासाठी कुठलेच खाते तरतूद करत नाही.

कुणी म्हणेल, आपल्याकडे उष्णतेची लाट येते कुठे? खरे आहे. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे मैदानी भागात पारा निदान ४० अंशांवर जावा लागतो, शिवाय तो नेहमीपेक्षा साडेचार अंश तरी चढलेला असावा लागतो; तेव्हा कुठे ‘लाट’ म्हणतात. साडेसातशे मीटर उंचीवरच्या बेळगावात असे क्वचित घडते. पण शरीराला ही व्याख्या ठाऊक नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी लाखो लोक भर दुपारी उन्हात बसले होते. पारा ३८ अंशांच्या आसपास होता, हवा खाडीकाठची दमट होती. १४ जणांचा जीव गेला. ते कुणी खाणीत राबत नव्हते, नुसते बसले होते. मग पत्र्याखाली राबणाऱ्याचे काय?

यावर सरकारला उपाय ठाऊक नाही असेही नाही. २०२५ च्या एप्रिल-मे महिन्यांत कर्नाटक सरकारने कलबुर्गी विभागातल्या जिल्ह्यांत आणि आपल्या बेळगाव विभागातल्या विजापूर, बागलकोटमध्ये सरकारी कचेऱ्यांची वेळ सकाळी आठ ते दीड अशी केली. चांगले केले. कारकून हाही माणूसच आहे. पण त्याच कचेरीसमोर जी बाई डांबर ओतते आहे, तिची वेळ कोण बदलणार? पंख्याखालच्या माणसासाठी एका परिपत्रकाने जे झाले, ते उघड्यावरच्या माणसासाठी व्हायला कायदा लागतो. परिपत्रक सरकार आपल्या नोकरांसाठी काढते. खासगी मालकाला बांधायचे तर विधिमंडळच पाहिजे.

इथे आपल्याच सीमेवरचा एक दाखला सांगते. १९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांना अजून आठवतो. दगड फोडायला माणसे रस्त्यावर आली. सांगली जिल्ह्यातले वि. स. पागे तेव्हा महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम, ही कल्पना त्यांनी आधीपासून लावून धरली होती. दुष्काळात ती योजना म्हणून चालली, आणि १९७७ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तिचा कायदा केला. दुष्काळ सरला तरी हक्क उरला. आता सीमेकडे बघा. कागल आणि निपाणी यांत वीसेक किलोमीटरचे अंतर. पाऊस एकच, माती एकच, भाषा एकच. पण कागलच्या बाईला रोजगाराची हमी कायद्याने मिळाली, आणि निपाणीच्या बाईला त्यासाठी २००५ चा केंद्रीय कायदा होईपर्यंत वाट पाहावी लागली. त्या केंद्रीय कायद्यात कामाच्या जागी पिण्याचे पाणी, मुलांना सावली, विश्रांतीची वेळ आणि प्रथमोपचाराची पेटी हे सगळे स्पष्ट लिहिले होते. कायदे करणाऱ्यांनी मनावर घेतले तर आभाळाच्या संकटातूनही माणसाच्या हाती काही पडते, याचा हा घरचा पुरावा.

त्याही आधीचे सांगायचे तर, आपला जिल्हा मुंबई इलाख्यात होता तेव्हा, १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात गिरणीतल्या बाळंतिणींना पगारी रजा देणाऱ्या विधेयकाची बाजू मांडली. पुढच्या वर्षी तो कायदा झाला. बाळंतपण हाही तोवर ज्याच्या-त्याच्या घरचा आणि नशिबाचा मामला समजला जाई. आज उन्हाबद्दल आपण तेच समजतो.

तर मग आपल्या आमदार-खासदारांनी नेमके काय करावे? मला पाच गोष्टी दिसतात.

पहिली, मोजणी. फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटकाने सर्पदंश हा कळवणे बंधनकारक असलेला आजार ठरवला, असे करणारे हे देशातले पहिले राज्य. त्याआधी साप चावून किती दगावतात हे कागदावर धड येतच नव्हते. मोजायला लागल्यावर कुठल्या दवाखान्यात लस किती ठेवायची हे ठरवता येते. हेच उन्हाच्या बाबतीत का नको? मार्च ते जून या महिन्यांत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राने चक्कर, उलटी, लघवी बंद होणे, बेशुद्धी अशा रोग्याला ‘काम काय करतोस, कुठे पडलास’ हे दोन प्रश्न विचारून नोंद करावी. केंद्राच्या ‘हवामान बदल आणि मानवी आरोग्य’ या २०१९ पासूनच्या कार्यक्रमात जिल्हा पातळीवर अधिकारी नेमायचे आहेत. आपल्या जिल्ह्यातला अधिकारी कोण आणि त्याने काय केले, एवढा एक तारांकित प्रश्न विचारला तरी अर्धे काम होईल.

दुसरी, कामाची वेळ, पाणी आणि सावली. आपल्या भागातली कितीतरी पोरे दुबई-अबुधाबीला आहेत. त्यांना विचारा. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचे काम तिथे सरकारी हुकमाने बंद असते. वाळवंटातल्या मालकाला हे परवडते, तर आपल्या ठेकेदाराला का नाही? मध्य अमेरिकेत निकाराग्वा, एल साल्वादोर या देशांत उसाच्या फडात राबणारी तरणी माणसे मूत्रपिंड निकामी होऊन मरू लागली, तेव्हा तिथे पाणी, विसावा आणि सावली हा साधा उपाय सुरू झाला. ठरावीक वेळाने थांबायचे, सावलीत बसायचे, पाणी प्यायचे. जिथे तो नीट पाळला तिथे मूत्रपिंडाच्या इजा कमी झाल्या. आपल्याकडेही बीडची तोडकरी मंडळी दर हंगामात येतात आणि हंगाम लांबला की मार्चच्या उन्हातही फडात असतात. बिडी कामगारांसाठी १९६६ साली वेगळा कायदा झाला होता. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता लागू झाल्या, तेव्हा तो त्यांतल्या एकीत मिसळला. कामाच्या जागेची हवा, तापमान, धूळ, पिण्याचे पाणी यांचा उल्लेख त्या संहितेत आहे. पण उल्लेखाने घाम वाळत नाही. किती अंशांना काम थांबवायचे आणि थांबलेल्या तासांची मजुरी कोण देणार, हे आकड्यात लिहिले पाहिजे. मजुरीचे लिहिले नाही तर खाडा पडेल म्हणून बाई उन्हातही येणारच.

तिसरी, पैसा. आपत्तीत मदत देण्यासाठी केंद्राने ठरवलेली एक यादी असते. २०२१ ते २०२६ या काळाच्या निकषांत बारा आपत्ती होत्या. भूकंप, पूर, दुष्काळ, गारपीट, एवढेच काय, थंडीची लाटही होती. उष्णतेची लाट नव्हती. हिवाळ्यात बसून याद्या केल्या की असे होते, असे एखाद्या वात्रट विद्यार्थ्याने म्हटले तर काय उत्तर द्यावे? मात्र राज्याला आपल्या निधीतला दहा टक्क्यांपर्यंत हिस्सा स्थानिक आपत्तीसाठी वापरता येत असे. तमिळनाडूने २०२४ मध्ये आणि तेलंगणाने २०२५ मध्ये उष्णतेची लाट ही राज्याची आपत्ती म्हणून जाहीर केली आणि मृताच्या घरच्यांना ४ लाख रुपये द्यायचे ठरवले. आपल्या आमदारांनी हे दोन आदेश सभागृहात वाचून दाखवावेत आणि विचारावे, आपल्या मजुराचा जीव इतका स्वस्त का?

चौथी, जबाबदारी दोन्ही बाजूंची. २०२४ मध्ये डेंग्यू वाढला तेव्हा कर्नाटकाने साथरोग कायद्याखाली नियम केले. घराच्या आवारात डासांची पैदास आढळली तर शहरात ४०० आणि खेड्यात २०० रुपये दंड, बांधकामाच्या जागी त्याहून जास्त. उष्मा वाढला की डास लवकर वाढतात आणि त्यांच्यातला विषाणूही, तेव्हा नियम हवेच होते. पण ज्या गल्लीत नळाला आठवड्याने पाणी येते, तिथे बाई पिंपे भरून ठेवणार नाही तर काय करणार? दंड तिला, आणि पाणी न देणाऱ्याला काहीच नाही, हा कायदा अर्धाच झाला. नागरिकाला बांधता तसे नगरपालिकेलाही बांधा.

पाचवी गोष्ट खास आपली, सीमेवरच्यांची. दूधगंगा-वेदगंगा कोल्हापूर जिल्ह्यातून येतात आणि कृष्णेला मिळतात. पाऊस जोरात झाला की कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, कल्लोळ-यडूर हे बंधारे-पूल पाण्याखाली जातात. त्यावेळी अडलेल्या बाळंतिणीला, डायलिसिसच्या रोग्याला, इन्सुलिन संपलेल्या म्हातारीला जवळचा दवाखाना बहुधा पलीकडच्या राज्यात असतो. २०२३ साली महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी आपली आरोग्य योजना जाहीर केली, तर त्यावरूनही दोन सरकारांत वाद झाला. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो तिथे चालू दे, पण विंचू उतरवायला कुणी नकाशा बघत नाही. दोन्ही जिल्ह्यांच्या आरोग्य खात्यांनी मेअखेर एकत्र बसून एक यादी करावी: नदीकाठच्या कुठल्या गावात किती गरोदर बायका, किती डायलिसिसचे रोगी, पूल बुडाल्यावर त्यांना कुठल्या बाजूने कुठे न्यायचे. आणि पुराचा, उन्हाचा, साथीचा इशारा ज्या भाषेत माणूस वाचतो त्या भाषेत लागावा. जिथे पंधरा टक्क्यांहून जास्त लोक अल्पसंख्य भाषा बोलतात तिथे सरकारी सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्राचेच जुने धोरण आहे. कानडीत लावाच, मराठीतही लावा. इथे राजकारणाचा संबंध नाही, चिठ्ठी न वाचता औषध घेण्यातला धोका टाळण्याचा आहे.

हे सगळे ‘योजना’ म्हणून होऊ शकते, कायदा कशाला, असा प्रश्न काही वाचक विचारतील. अहमदाबादने मे २०१० च्या भयंकर उन्हाळ्यानंतर, तेराशेहून अधिक जादा मृत्यूंचा अंदाज निघाल्यावर, २०१३ मध्ये उष्मा कृती आराखडा केला. डॉक्टरांना शिकवले, इशाऱ्यांचे रंग ठरवले, पाणपोया लावल्या. त्याचा उपयोग झाला आणि इतर शहरांनी तो गिरवला. पण आराखडा चालतो तो एखाद्या कर्तबगार अधिकाऱ्याच्या जिवावर. त्याची बदली झाली की पाणपोईचा माठ कोरडा. कायद्याची बदली होत नाही. तो मोडला तर दाद मागता येते, योजना गुंडाळली तर अर्ज करत बसावे लागते.

सर्वोच्च न्यायालयानेही २१ मार्च २०२४ च्या निकालात, माळढोक पक्ष्याच्या खटल्यात, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असणे हा नागरिकाचा हक्क असल्याचे घटनेच्या १४ व्या आणि २१ व्या कलमांच्या आधारे सांगितले. त्याच निकालात, या विषयावर देशात एकसंध कायदा नाही, हेही नोंदवले. न्यायालयाने दार दाखवले आहे, उघडायचे काम विधिमंडळाचे.

आपल्या जिल्ह्यातून विधानसभेत १८ आमदार जातात. मोर्चे काढायचे ते काढतीलच. पण मंडळी, मोर्चाहून स्वस्त असे एक हत्यार आपल्याकडे आहे, ते म्हणजे प्रश्न. अधिवेशनाच्या महिनाभर आधी, महिला मंडळाने, तरुण मंडळाने, वाचनालयाने आपल्या आमदाराला एक साधे पत्र द्यावे. त्यात एवढेच विचारावे: गेल्या उन्हाळ्यात आपल्या तालुक्यात उन्हाने किती माणसे आजारी पडली, त्यांत मजूर किती, आणि येत्या उन्हाळ्यासाठी त्यांच्या पाण्याची, सावलीची आणि मजुरीची काय सोय केली? पत्राची पोच घ्यावी आणि ती वाचनालयाच्या फळ्यावर लावावी. प्रश्न सभागृहात आला तर उत्तराला आकडा लागेल, आकड्यासाठी कुणालातरी मोजावे लागेल. आणि मोजायला सुरुवात झाली, की ‘अशक्तपणा’ या शब्दाआड गेलेली माणसे दिसू लागतील.